गटाचे संकेतस्थळ : सुरू करण्यापूर्वी करावयाची तयारी

इंदापूर तालुक्यातील कळंब, वालचंदनगर व नीरा डाव्या कालव्याचा परिसर ऊस, द्राक्ष आणि डाळिंबासाठी परिचित आहे. या भागातील बागायतदारांचे गट व शेतकरी उत्पादक कंपन्या आता स्वतःचे संकेतस्थळ म्हणजेच वेबसाईट काढण्याचा विचार करू लागल्या आहेत. विचार चांगला आहे. परंतु बहुतेक ठिकाणी असे दिसते की उद्‌घाटन थाटात होते, नारळ फुटतो, आणि पुढच्या हंगामात पाहावे तर मागच्या वर्षीचेच दर व बंद झालेला फोन नंबर तिथे असतो. मशागत न करता पेरणी केली तर उगवण विरळ होते, तसाच हा प्रकार आहे. यासाठी संकेतस्थळ सुरू करण्यापूर्वी कोणती तयारी करावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

१) प्रथम हेतू निश्चित करावा

संकेतस्थळ कोणासाठी, या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात लिहून काढावे. ग्राहकाला माल विकण्यासाठी, व्यापारी व निर्यातदाराला गटाची ओळख देण्यासाठी की सभासदांना सल्ला देण्यासाठी? तिन्हींचा मजकूर वेगळा असतो. सर्व एकदम करण्याचा प्रयत्न केल्यास एकही काम धड होत नाही.

या बाबतीत वारणेचा अनुभव बोलका आहे. १९९८ साली कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा परिसरातील सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे उभारण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. शेतीविषयक अनेक प्रकारची माहिती गावात मिळावी, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात शेतकऱ्यांनी त्या केंद्रांचा उपयोग मुख्यतः उसाची नोंद, वजन, खत व बिल यांची माहिती घेण्यासाठी केला. तेवढे काम साध्या मोबाईल संदेशावरही होऊ शकते, असे पुढे तेथे केलेल्या प्रयोगात दिसून आले. म्हणजेच वापरणाऱ्याला रोज लागणारी माहिती कोणती, हे आधी विचारून घ्यावे. गटाच्या बैठकीत दहा सभासदांना व पाच ग्राहकांना तीन-तीन प्रश्न लिहून द्यावयास सांगावेत. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतील त्यांची उत्तरे पहिल्या पानावर हवीत.

२) नाव व मालकी

इंटरनेटवरील पत्त्याला डोमेन म्हणतात. हे नाव वर्षाच्या मुदतीने घ्यावे लागते व मुदत संपताच नूतनीकरण करावे लागते. ‘.इन’ हा भारताचा पत्ता २००५ पासून सर्वांना खुला झाला, तर देवनागरीतील ‘.भारत’ हा पत्ता २०१४ पासून मिळतो. नाव लहान, बोलताना कळेल असे व फोनवर सांगता येईल असे असावे.

कळंबच्या गटांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. कळंब नावाचे तालुक्याचे गाव धाराशिव जिल्ह्यात आहे, यवतमाळ जिल्ह्यातही आहे. आणि आपल्याच पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यात आणखी एक कळंब आहे. त्यामुळे प्रत्येक पानाच्या तळाशी गाव, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे व पिनकोड असा पूर्ण पत्ता द्यावा. नकाशावरील खूण स्वतः जागेवर जाऊन तपासावी. नाही तर द्राक्ष घ्यायला निघालेली गाडी भलत्याच कळंबला पोहोचायची.

मालकीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. काम करून देणारा तरुण बहुधा डोमेन स्वतःच्याच नावावर घेतो. पुढे तो नोकरीनिमित्त बाहेरगावी गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून आपण विहीर खोदत नाही. म्हणून डोमेन व संकेतस्थळाची जागा गटाच्या किंवा कंपनीच्या नावावर, गटाच्याच ई-मेलवरून घ्यावी. पासवर्ड अध्यक्ष व सचिव अशा दोघांकडे असावेत आणि नूतनीकरणाची तारीख इतिवृत्तात नोंदवावी.

३) मजकूर बिनचूक व दिनांकित असावा

छापील पुस्तिकेतील चूक पुस्तिकेपुरती राहते; संकेतस्थळावरील चूक मोबाईलवरून तासाभरात तालुकाभर जाते. याचा अनुभव प्रस्तुत लेखकास स्वतःला आला. एका द्राक्ष बागायतदार गटासाठी संजीवकांच्या वापराचे पान तयार करताना जी.ए.चे १० पीपीएमचे द्रावण कसे करावे, हे लिहावयाचे होते. १० पीपीएम म्हणजे १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम. टंकलेखनात १०० ऐवजी १० लिटर असे पडले. एका शून्याच्या फरकाने द्रावण १०० पीपीएमचे, म्हणजे दहापट तीव्र झाले असते. घड लांबविण्याच्या अवस्थेत अशी फवारणी झाली असती तर त्या बागेचा हंगामच धोक्यात आला असता. संकेतस्थळ सुरू होण्याच्या आधी गटातील एका अनुभवी बागायतदाराने पान वाचले व “सर, पाणी कमी पडलं इथं,” एवढेच म्हणाले. तेव्हापासून शिफारशीचे एकही पान दोघांनी वाचून सही केल्याशिवाय टाकावयाचे नाही, असा नियम ठेवला आहे. हा नियम प्रत्येक गटाने ठेवावा.

दुसरी बाब तारखेची. आज बरोबर असलेली शिफारस उद्या बेकायदेशीर ठरू शकते. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये बंदी घातली. त्यापूर्वी लिहिलेले व नंतर न बदललेले पान आजही कोणाच्या तरी हाती पडू शकते. निर्यातीच्या द्राक्षांचे तर विचारूच नये. २००३ साली नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत मिथोमिलचे अंश सापडले. त्यानंतर अपेडाने २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय व्यवस्था सुरू केली. त्यामुळे बागेच्या नोंदणीपासून प्रयोगशाळेच्या अहवालापर्यंत मालाचा माग काढणे शक्य झाले. तरीही २०१० साली सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या अंशांमुळे युरोपातील निर्यात पुन्हा अडचणीत आली. यावरून बोध असा, की औषधांची यादी आपल्या संकेतस्थळावर उतरवून घेऊ नये. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या मूळ यादीची जोडणी द्यावी. यादी बदलली की आपल्या वाचकालाही बदललेलीच दिसेल.

प्रत्येक पानावर ‘माहिती तपासल्याची तारीख’ लिहावी. बाजारभाव देणार असाल तर तारीख, बाजार समितीचे नाव व प्रत या तिन्ही गोष्टी द्याव्यात. रोज भाव बदलणे शक्य नसेल तर भाव देऊच नयेत.

४) मराठी अक्षरे व छायाचित्रे

मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. छापखान्यातील जुन्या फाँटमधील मजकूर तसाच उचलून टाकला तर तो फाँट नसलेल्या मोबाईलवर अर्थहीन चिन्हे उमटतात आणि शोधणाऱ्यालाही तो सापडत नाही.

छायाचित्रांचा आकार हा पैशाचा व वेळेचा प्रश्न आहे. मोबाईलने काढलेले एक छायाचित्र सहज ३ एमबीचे असते. अशी दहा छायाचित्रे एका पानावर टाकल्यास ३० एमबी होतात. रानात सेकंदाला १ मेगाबिट इतकाच वेग मिळाला तर ते पान उघडण्यास सुमारे ४ मिनिटे लागतात. तेवढा वेळ कोणीही थांबत नाही. तीच छायाचित्रे प्रत्येकी १५० केबीपर्यंत लहान केल्यास सुमारे १२ सेकंदांत पान उघडते. छायाचित्रे आपल्याच बागेची असावीत. इंटरनेटवरून उचललेल्या परदेशी घडाचे चित्र पाहून ग्राहकाने माल मागविला व हाती वेगळाच घड आला, तर तो परत येणार नाही.

५) विक्री, परवाने व सभासदांची माहिती

जेवढा माल देता येईल तेवढाच दाखवावा. पेटीचे निव्वळ वजन, दर, वाहतूक खर्च आणि माल खराब निघाल्यास काय करणार, हे स्पष्ट लिहावे. बेदाणा, गूळ यांसारखे प्रक्रिया केलेले पदार्थ विकावयाचे असल्यास अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी किंवा परवाना आधी घ्यावा व त्याचा क्रमांक संकेतस्थळावर द्यावा.

सभासदांचे आधार क्रमांक, बँक खाते, सातबारा यांच्या प्रती कधीही टाकू नयेत. नाव, छायाचित्र किंवा फोन नंबर देण्यापूर्वी लेखी संमती घ्यावी. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली स्वतंत्र कायदा झाला आहे. पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ येते की नाही, हेही पाहावे. ते सुरक्षा प्रमाणपत्र लावून घेणे आवश्यक आहे.

६) चाचणी व सुरू करण्याची वेळ

संगणकावर सुंदर दिसणारे पान मोबाईलवर विस्कटते. म्हणून कमी किमतीच्या फोनवर, उन्हात, रेंज कमी असलेल्या शिवारात ते उघडून पाहावे. गटाबाहेरच्या पाच जणांना, त्यांत एक वयस्कर व एक महिला शेतकरी असावी, मदत न करता एक काम सांगावे, उदा. ‘दोन पेट्यांची मागणी नोंदवा.’ जिथे ते अडतील तिथे दोष त्यांचा नसून पानाचा आहे, असे समजून दुरुस्ती करावी.

ऑक्टोबर छाटणीची द्राक्षे साधारण फेब्रुवारीपासून येतात. ऐन तोडणीत संकेतस्थळाकडे पाहण्यास कोणालाच सवड नसते. म्हणून मजकूर पावसाळ्यात तयार करावा, चाचणी छाटणीनंतर करावी आणि जानेवारीच्या सुरुवातीस संकेतस्थळ खुले करावे.

सुरू करण्याच्या आदल्या दिवशी तपासावे

१. डोमेन गटाच्या नावावर आहे. पासवर्ड दोघांकडे आहेत.
२. दिलेल्या प्रत्येक नंबरवर फोन लावून पाहिला आहे.
३. शिफारशीचे प्रत्येक पान दोघांनी वाचले आहे. मात्रा व पाण्याचे प्रमाण पुन्हा हिशोब करून पाहिले आहे.
४. प्रत्येक पानावर तारीख व पूर्ण पत्ता आहे.
५. संपूर्ण संकेतस्थळाची एक प्रत गटाकडे जतन केली आहे.
६. दर आठवड्यास माहिती बदलण्याची जबाबदारी एका व्यक्तीवर नावानिशी सोपविली आहे.

यांपैकी सहावी बाब पूर्ण होत नसेल तर उद्‌घाटन पुढे ढकलावे. उशिरा सुरू झालेल्या संकेतस्थळाने गटाचे नुकसान होत नाही. चुकीची किंवा शिळी माहिती देणाऱ्या संकेतस्थळाने मात्र शेजाऱ्याच्या बागेचे नुकसान होऊ शकते. शेतकरी बंधू-भगिनींनी ही काळजी घेतल्यास आपल्या मालाबरोबर आपल्या शब्दालाही बाजारात किंमत मिळेल.