बसलेली मेंढी आणि भाताचा कोंडा

मालगुंडच्या जांभ्या कातळावर, धो धो पावसात मेंढी टिकत नाही; इथल्या दावणीला शेळीच. पण पावसाळा सरला की घाटावरचे धनगर खांडं घेऊन कोकणात उतरतात, कापलेल्या खाचरांत मेंढ्या बसवतात. अशाच एखाद्या खांडातली गाभण मेंढी चालता चालता थरथरते आणि बसते. मान लुळी, मागचे पाय ताणलेले, पोट फुगलेलं, नाकातून हिरवट पाणी. "अशक्त झालीय, दाणा-कोंडा घाला," असं कुणीतरी सांगतंच. हाच सल्ला घात करतो.

तिच्या रक्तातलं कॅल्शियम घसरलेलं असतं. मका, ज्वारी, भात यांच्या दाण्यात कॅल्शियम नावापुरतं, फॉस्फरस मात्र भरपूर. कोंड्यात तर फॉस्फरस कॅल्शियमच्या दहापटीहून अधिक. खरं तर कॅल्शियमच जास्त हवं, फॉस्फरसच्या साधारण दीड ते दोन पट. नुसत्या दाणा-कोंड्याचा खुराक महिनोन् महिने चालला की कोकरांची हाडं ठिसूळ होतात, नरांना मूतखडे होतात.

"हाडात कॅल्शियम आहेच की!" आहे, शरीरातलं 99 टक्के तिथंच आहे. पण ते घटकेत सुटत नाही. शेवटच्या सहा आठवड्यांत पोटातलं कोकरू हाडं घडवत असतं. त्यात एक दिवसाची उपासमार, लांबची चाल किंवा ट्रकचा प्रवास झाला, की काही तासांत मेंढी आडवी होते.

या आजाराचं दुग्धज्वर हे नावही फसवं. ताप नसतो, उलट कान गार पडतात. गाय बहुधा व्याल्यावर बसते, मेंढी पुष्कळदा विण्याआधीच.

हिरवं दिसलं म्हणून सगळं चांगलं नाही. भुकेल्या खांडानं घोळीवर ताव मारला, तर तिच्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. भाताच्या पेंढ्यातही ते असतं. त्यापेक्षा भुईमुगाचे वेल, शेवरी, गिरिपुष्पाचा पाला बरा.

बसलेल्या मेंढीच्या तोंडात गूळपाणी, दूध ओतू नका. गिळता येत नसल्यानं ते फुप्फुसात जातं. पशुवैद्यकानं कॅल्शियम बोरोग्लुकोनेट दिलं, तर पुष्कळदा तासाभरात ती उठते. शिरेतून घाईनं दिलं, तर हृदय बंद पडू शकतं. म्हणून सुई स्वतः टोचू नये. दाणा द्यायचाच असेल, तर 100 किलोला दीड किलो चुनखडीची भुकटी मिसळावी. कळीचा चुना नव्हे, त्यानं तोंड भाजतं.