मेंदूचे इंजेक्शन आणि मोलाचे साडेचार तास

भोर-वेल्ह्यातील वाचकहो, घरात कुणाला पक्षाघात झाला की ‘मेंदूच्या पेशी वाचवणाऱ्या’ महागड्या इंजेक्शनची चर्चा सुरू होते. ते बहुधा सेरेब्रोलायसिन असते. डुकराच्या मेंदूतील प्रथिनांचे विघटन करून मिळवलेली पेप्टाइडे त्यात असतात. प्रयोगशाळेत त्यांनी चेतापेशींचे रक्षण केल्याचे दिसले. मात्र रुग्णांवरील चाचण्यांच्या कॉक्रेन आढाव्यात मृत्यू टळल्याचे आढळले नाही. उलट गंभीर दुष्परिणाम वाढण्याची शक्यता दिसली. त्यासाठी दागिने गहाण ठेवू नका. डॉक्टरांनी ते सुचवल्यास लाभ, खर्च आणि प्राणिज उगम यांविषयी निःसंकोच विचारा. माळकरी घराला तो हक्क आहे. अपस्मार वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आवर्जून सांगा.

पेशी खऱ्या अर्थाने वाचतात त्या वेळेमुळे. गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत, सीटी स्कॅननंतरच देता येते. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर घड्याळ पाहा आणि १०८ क्रमांकाला फोन लावा. डोंगरातल्या वाडीतून पुणे गाठण्यातच बराच वेळ जातो. म्हणून ‘सकाळी बघू’ असे कदापि म्हणू नका.