तोंडी हुशार, लेखी नापास

‘तोंडी विचारा, धडाधडा उत्तरे देतो. पेपर मात्र कोरा!’ परीक्षेचे निकाल लागले की आम्हा फॅमिली डॉक्टरांना ही तक्रार हमखास ऐकावी लागते. पालकांचे निदान तयारच असते: आळस, टीव्ही, मोबाइल. क्वचित टॉनिकही मागतात. या आजाराला टॉनिक नाही. खरे म्हणजे हा आजारच नव्हे.

हिंदमाता येथील एका कापड दुकानदाराचा सातवीतला मुलगा पोटदुखीसाठी माझ्याकडे आला होता. पोट दुखे ते फक्त परीक्षेच्या दिवशी. साडेतीन मीटर कापडाचे पैसे तो तोंडी चटकन सांगे. पण ‘परळ’ लिहायला सांगितले तर ‘पळर’ लिही. जोडाक्षरे तर गाळूनच टाकी. बुद्धी चांगली, दृष्टी आणि श्रवणही ठीक, तरी वाचन, लेखन किंवा गणित यांत सतत अडखळणे, याला अध्ययन अक्षमता म्हणतात. डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार.

महाराष्ट्र सरकारने अशा मुलांना १९९६ सालीच परीक्षेत सवलती दिल्या. केंद्राच्या १९९५ च्या अपंग कायद्यात मात्र ही अक्षमता नव्हती. ती २०१६ च्या कायद्यात आली. वाढीव वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एखाद्या भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी सोपे अंकगणित अशा त्या सवलती. वाढीव वेळ अवश्य घ्यावा. बीजगणित सोडण्यापूर्वी मात्र दहादा विचार करा. पुढे अभियांत्रिकीला जाऊ इच्छिणाऱ्या मुलाची वाट तिथेच अडते.

तपासणी कुठे होते? परळचे केईएम हिंदमाताहून चालत जाण्याइतके जवळ आहे. शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालयही आहे. डोळे, कान, बालरोगतज्ज्ञ, बुद्ध्यांक, मग विशेष शिक्षकांकडून वाचन-लेखनाची चाचणी, एवढे टप्पे असल्याने एका फेरीत काम होत नाही. म्हणून दहावीच्या जानेवारीत धावपळ करू नका. वयाच्या आठव्या वर्षानंतर निदान पक्के करता येते. तेव्हापासून उपचारात्मक शिक्षण मिळाले तर मूल खरोखर सुधारते; नुसत्या दाखल्याने वाचता येत नाही.

त्या दुकानदाराची मुख्य भीती वेगळीच होती. ‘दाखला घेतला तर चाळीत मुलाला वेडा म्हणतील.’ मी विचारले, “आत्ता काय म्हणतात?” ते गप्प झाले. ‘मठ्ठ’ हा शब्द घरातच रोज वापरला जात होता, हे मुलाच्या आईने सांगितले.

आणखी एक गोष्ट शाळाही विसरतात. लेखनिकाला उत्तर सांगणे हे वेगळे कौशल्य आहे. पूर्णविराम कुठे, नवा परिच्छेद कुठे, हे बोलून दाखवावे लागते. सहामाहीपासूनच त्याचा सराव करून घ्या. बोर्डाच्या पहिल्या पेपरला अनोळखी लेखनिकासमोर मूल बुजले, तर मिळालेला जादा वेळ त्यातच जातो.