फौजदारी बाजूचा वकील

आपल्या पांढरपेशा घरांत मुलगा वकील होणार म्हटले, की पहिला प्रश्न येतो तो ‘दिवाणी की फौजदारी?’ असा. दिवाणी म्हणजे घरदार, जमीनजुमला, मृत्युपत्रे. सभ्य माणसांचा कारभार! फौजदारी म्हटले, की आईच्या डोळ्यांपुढे दरोडेखोर आणि बेड्या उभ्या राहतात. मी मराठीचा प्राध्यापक. कोर्टाशी माझा संबंध शब्दांपुरता. पंचनामा, कबुलीजबाब, जामीन अशा शब्दांचा माग काढता काढता मी निकालपत्रे वाचू लागलो आणि एका पुणेकर वकिलाच्या वाटचालीने मला धरून ठेवले. ते यशवंत विष्णू चंद्रचूड.

जन्म १९२० चा, पुण्याचा. शाळा नूतन मराठी विद्यालय, मग मुंबईचे एल्फिन्स्टन आणि पुन्हा पुण्याचे लॉ कॉलेज. १९४३ साली त्यांनी मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. १९५२ मध्ये सहायक सरकारी वकील झाले, १९५८ मध्ये सरकारी वकील. इथवरचा प्रवास कोणाही हुशार पुणेरी मुलाचा असावा तसाच आहे. पुढच्याच वर्षी मात्र मुंबईत असा खटला उभा राहिला, की त्याने चहाच्या टेबलापासून लोकलच्या डब्यापर्यंत सर्वांना वकील करून सोडले.

२७ एप्रिल १९५९ रोजी नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी आपल्या पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याला गोळ्या घातल्या. सेशन्स कोर्टातल्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी ‘निर्दोष’ म्हटले. बाहेर लोक आनंदले. न्यायाधीशांना मात्र तो कौल पटेना. त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवले आणि तिथे सरकारतर्फे चंद्रचूड उभे राहिले.

लोकमत एका बाजूला आणि आपण दुसऱ्या, अशा वेळी वकिलाने काय करावे? आवाज चढवावा? त्यांनी जे मांडले ते अगदी कोरडे होते. गोळी चुकून सुटली असे आरोपी म्हणत असेल, तर ते दाखवण्याचा भार त्याच्यावर. आणि हे ज्यूरीला नीट समजावूनच दिलेले नाही! पुराव्यातील वस्तू तर बोलतच होत्या. पत्नीने कबुली दिल्यापासून गोळी सुटेपर्यंत जवळजवळ तीन तास गेले होते. मधल्या वेळात नानावटींनी बायकोमुलांना मेट्रो सिनेमाला सोडले, आणि रात्री एकट्याने अहमदनगरला मोटारीने जायचे आहे असे कारण सांगून जहाजावरून रिव्हॉल्व्हर व सहा काडतुसे घेतली. झटापट झाली म्हणावे, तर आहुजाच्या अंगावरचा टॉवेल सुटलेलासुद्धा नव्हता. मार्च १९६० मध्ये हायकोर्टाने जन्मठेप दिली. १९६१ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. नानावटींविषयी मलाही सहानुभूती वाटते, पण तो टॉवेल काही केल्या माझ्या मनातून जात नाही.

१९६१ मध्ये चंद्रचूड हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टाचे. आता उजळणी करायची ती त्यांच्या आयुष्यातल्या सर्वांत अवघड पानाची. आणीबाणीत हजारो माणसे खटल्यावाचून तुरुंगात होती. नऊ हायकोर्टांनी म्हटले, की या माणसांना आपली स्थानबद्धता बेकायदा असल्याचे कोर्टापुढे मांडता येईल. २८ एप्रिल १९७६ रोजी सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक मतांनी ते दार लावून घेतले. विरोधी मत न्यायमूर्ती खन्नांचे. चारांत चंद्रचूड होते. ज्याने नानावटी प्रकरणात जमावापुढे मान तुकवली नाही, त्याने इथे ती का तुकवावी? पुष्कळांनी पुष्कळ कारणे सांगितली आहेत. मला एकही पटत नाही. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल रद्दबातल ठरवला. तसे लिहिणाऱ्या न्यायमूर्तींचे नाव धनंजय यशवंत चंद्रचूड. बाप-लेकाची अशी भेट कादंबरीत घातली, तर आम्ही समीक्षक तिला बेतीव म्हटले असते!

पण गोष्ट १९७६ ला संपत नाही. १९७८ मध्ये चंद्रचूड सरन्यायाधीश झाले आणि सात वर्षांहून अधिक काळ त्या जागी राहिले. इतका काळ तिथे दुसरे कोणीच राहिलेले नाही. १९८० मध्ये पंजाबचे मंत्री राहिलेले गुरबक्षसिंग सिब्बिया अटकपूर्व जामिनासाठी आले. १९७३ च्या संहितेने आणलेली ही नवी सोय तिथल्या हायकोर्टाने आठ अटींनी जखडून टाकली होती. चंद्रचूडांनी त्या बेड्या काढल्या: कायद्यात नसलेल्या अटी न्यायाधीशांनी घालू नयेत, प्रत्येक प्रकरण पाहून ठरवावे. १९८३ मध्ये त्यांनी दंडसंहितेचे ३०३ कलमही रद्द ठरवले. जन्मठेपेच्या कैद्याने खून केला, तर त्याला फाशीच द्यावी, दुसरा विचार करूच नये, असे ते कलम. न्यायाधीशाला विचारच करू न देणारा कायदा त्यांना मान्य नव्हता.

१ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली. अटकपूर्व जामिनाचे कलम ४३८ होते, ते ४८२ झाले. अर्जावर आकडा नवा लिहायचा, एवढेच. सिब्बियाचा दाखला मात्र ज्युनियर वकील अजून बगलेत घेऊनच सेशन्स कोर्टाच्या पायऱ्या चढतो, आणि बाहेर बाकावर त्याच्या अशिलाची आई बसलेली असते.