अकरा महिन्यांचा करार

भीमा व मुळा-मुठा यांच्या मधल्या राहू बेटांत, उसाच्या त्या मुलखांत, घर बहुधा वडिलार्जित असतें. तेथील तरुण नोकरीसाठीं पुण्यास आला, कीं त्यास प्रथमच घरमालक भेटतो; आणि त्याच्याहि आधीं दलाल. "अकराच महिन्यांचा करार, नोंदणी कशाला हवी?" असें हे गृहस्थ सांगतात. (आपली दलाली मात्र ते विसरत नाहींत!)

ही समजूत १९०८ च्या नोंदणी कायद्यावरून रूढ झाली. त्यांतील सक्ती वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यास आहे. परंतु महाराष्ट्रांत १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अंमलांत आहे. त्याच्या ५५ व्या कलमान्वयें, मुदत कितीहि असो, करार लेखी व नोंदलेला हवा. नोंदविण्याची जबाबदारी घरमालकाची. तसें न झाल्यास अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरतात. तरीहि त्यावर विसंबूं नये. कित्येक महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत रक्कम मालकाच्या हातीं असते, आणि कोर्टाची पायरी चढण्यास नव्या नोकरदारास सवड कोठली? म्हणून तो आंकडा व परतीची मुदत हीं करारांतच लिहवून घ्यावीं. भाड्याची पावतीहि मागावी. ३१ व्या कलमान्वयें ती देणें मालकास भाग आहे.