जॅझ गिटारमधील फिंगरस्टाईल

जॅझ गिटारमधील फिंगरस्टाईल ही नखीऐवजी (प्लेक्ट्रम) उजव्या हाताच्या अंगठ्याने व बोटांनी तारा छेडून कॉर्ड वाजवण्याची पद्धत आहे. या पद्धतीत कॉर्डमधील सर्व स्वर एकाच क्षणी उमटवता येतात, तसेच प्रत्येक स्वराचा जोर व कालावधी स्वतंत्रपणे ठरवता येतो. त्यामुळे एकटा वादक खर्ज, कॉर्ड आणि सुरावट ही तिन्ही अंगे सांभाळू शकतो.

पार्श्वभूमी

१९३० च्या दशकातील मोठ्या जॅझ वाद्यवृंदांत गिटारचे काम प्रामुख्याने ताल धरण्याचे होते. काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदात १९३७ पासून सुमारे पाच दशके वाजवणारे फ्रेडी ग्रीन नखीने दर मात्रेला एक आघात करीत. पुढे विद्युत ध्वनिवर्धनामुळे बोटांचा हलका आघातही श्रोत्यांपर्यंत पोहोचू लागला. वेस माँटगोमेरी (१९२३–१९६८) केवळ अंगठ्याने वाजवत. ब्राझीलमधील बोसा नोव्हा शैलीत अंगठ्याने खर्ज व बोटांनी कॉर्ड ही विभागणी रूढ होती. स्टॅन गेट्झ व चार्ली बर्ड यांच्या १९६२ मधील 'जॅझ सांबा' या ध्वनिमुद्रिकेने ही शैली अमेरिकेत लोकप्रिय केली. बर्ड हे नायलॉनच्या तारांची गिटार बोटांनी वाजवत. जो पास यांनी १९७३ मध्ये मुद्रित केलेल्या 'व्हर्चुओसो' या ध्वनिमुद्रिकेमुळे जॅझमधील एकल गिटारवादनाला प्रतिष्ठा लाभली.

बोटांची योजना

सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेकडील खर्जाचे स्वर सामान्यतः अंगठ्याकडे असतात. तर्जनी, मध्यमा व अनामिका वरच्या स्वरांच्या लगतच्या तारा सांभाळतात. पाच स्वरांच्या कॉर्डसाठी काही वादक करंगळीचाही उपयोग करतात. मनगट शक्यतो सरळ ठेवून बोटाची हालचाल तळहाताजवळच्या सांध्यापासून केली जाते. छेडल्यानंतर बोट तळहाताच्या दिशेने किंचित आत येते. तार वर उचलून सोडल्यास ती पडद्यांवर आपटून कर्कश आवाज येतो.

छेडण्यापूर्वी सर्व बोटे एकाच वेळी आपापल्या तारांवर टेकवणे हा या तंत्राचा पाया मानला जातो. अशा पूर्वतयारीमुळे स्वर पुढे-मागे न होता एकत्र उमटतात. तीच बोटे तारांवर परत टेकवली, की नाद थांबतो. जॅझमधील साथीत कॉर्ड कोठे संपवायचा, हे तो कोठे सुरू करायचा याइतकेच महत्त्वाचे असते.

उदाहरण

जॅझमध्ये वारंवार येणारा रे–प–सा हा क्रम उजव्या हाताचे काम स्पष्ट करतो. पाश्चात्त्य सी स्वर षड्ज धरल्यास डी मायनर सेव्हन, जी सेव्हन आणि सी मेजर सेव्हन हे तीन कॉर्ड पुढीलप्रमाणे तीन-तीन स्वरांत वाजवता येतात. सर्व स्वर शुद्ध आहेत.

पहिला कॉर्ड: पाचव्या तारेच्या ५ व्या पडद्यावर रे, चौथ्या तारेच्या ३ ऱ्या पडद्यावर म, तिसऱ्या तारेच्या ५ व्या पडद्यावर सा.
दुसरा कॉर्ड: सहाव्या तारेच्या ३ ऱ्या पडद्यावर प, चौथ्या तारेच्या ३ ऱ्या पडद्यावर म, तिसऱ्या तारेच्या ४ थ्या पडद्यावर नी.
तिसरा कॉर्ड: पाचव्या तारेच्या ३ ऱ्या पडद्यावर सा, चौथ्या तारेच्या २ ऱ्या पडद्यावर ग, तिसऱ्या तारेच्या ४ थ्या पडद्यावर नी.

तर्जनी चौथ्या व मध्यमा तिसऱ्या तारेवर कायम राहते. फक्त अंगठा पाचव्या तारेवरून सहाव्यावर जाऊन परत येतो. दुसऱ्या कॉर्डमध्ये पाचवी तार वगळायची असते. नखीने वाजवताना ती डाव्या हाताने दाबून मुकी करावी लागते. बोटांनी वाजवताना तिला स्पर्शच होत नाही. मधल्या स्वरांचा म–म–ग आणि वरच्या स्वरांचा सा–नी–नी असा प्रवास त्यामुळे स्वतंत्र सुरावटींसारखा ऐकू येतो.

सराव

आरंभी मिनिटाला ६० आघातांच्या संथ लयीत तिन्ही स्वर एकत्र छेडण्याचा सराव केला जातो. त्यानंतर तेच कॉर्ड कायम ठेवून एकेका बोटाचा स्वर इतरांपेक्षा ठळक काढला जातो. पुढच्या टप्प्यात अंगठा दर मात्रेला खर्जाचा स्वर वाजवतो आणि बोटे दोन मात्रांच्या मध्ये कॉर्ड वाजवतात. येथे अंगठ्याची लय बोटांमागे फरफटत जाणे ही नेहमीची अडचण असते. म्हणून दोन्ही बाजू आधी वेगवेगळ्या पक्क्या करतात.

तंबोऱ्याशी तुलना

कोल्हापूर–मिरज परिसरातील संगीताच्या विद्यार्थ्यांना बोटाने तार छेडणे तंबोऱ्यामुळे परिचित असते. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याची पहिली तार मधल्या बोटाने आणि उरलेल्या तारा तर्जनीने छेडतात. बोटाच्या मांसल भागामुळे येणारा मऊ, गोलाकार नाद दोन्हीकडे साधला जातो. मात्र तंबोऱ्याच्या तारा एकामागून एक छेडून त्यांचा नाद मुक्तपणे घुमू देतात, तर जॅझमध्ये स्वर एकत्र उमटवून नेमक्या क्षणी थांबवावे लागतात. त्यामुळे तंबोऱ्याची सवय नादासाठी उपयोगी पडते, पण स्वर थांबवण्याचे कौशल्य वेगळे मिळवावे लागते.

मर्यादा

वेगवान एकेरी सुरावटी आणि मोठ्या वाद्यवृंदातील ठसठशीत ताल यांसाठी अनेक वादक नखीच पसंत करतात. नख वाढवून छेडल्यास आवाज अधिक स्पष्ट होतो, परंतु पोलादी तारांवर नखे लवकर झिजतात. अंगठा व तर्जनीत नखी धरून उरलेल्या बोटांनी इतर तारा छेडणे हा मिश्र पर्यायही प्रचलित आहे. त्यात कॉर्डसाठी तर्जनी मात्र मोकळी राहत नाही.