चाळीतला कांदा आणि प्रयोगशाळेतील संशोधन

उन्हाळ कांद्याची काढणी सुरू झाली की नाशिक जिल्ह्यातील प्रत्येक कांदा व्यापाऱ्यापुढे एकच प्रश्न उभा राहतो. माल लगेच काढून टाकावा, की चाळीत भरून दिवाळीपर्यंत थांबावे? लासलगाव, पिंपळगाव बसवंत, मनमाड, येवला, मालेगाव या बाजारांत आपले अनेक बांधव आडत, खरेदी, भराई आणि वाहतूक या कामांत आहेत. त्यांच्यापैकी बहुतेक जण हा निर्णय अनुभवावर आणि अंदाजावर घेतात. पण याच एका प्रश्नावर पदार्थविज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र, अर्थशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स अशा निरनिराळ्या शास्त्रांत बरेच काम झालेले आहे, आणि त्यातले काही तर आपल्या दारात, लासलगावलाच झालेले आहे. त्याचा आपल्या धंद्याला किती उपयोग आहे आणि किती नाही, हे समजून घेणे जरुरीचे आहे.

प्रथम तोट्याचा हिशेब पाहू. चाळीतला कांदा चार-पाच महिन्यांत ३० ते ४० टक्क्यांपर्यंत घटतो असे सर्वसाधारणपणे मानले जाते. उदाहरणादाखल समजा, मे महिन्यात १,५०० रुपये भावाने १०० क्विंटल माल भरला, म्हणजे दीड लाख रुपये गुंतले. ३० टक्के घट आली तर ऑक्टोबरात हाती ७० क्विंटल राहतात. नुसते मुद्दल सुटण्यासाठी क्विंटलला सुमारे २,१४३ रुपये भाव मिळाला पाहिजे. मजुरी, भाडे, निवडाई यात धरलेली नाही. तीच घट २० टक्क्यांवर आणली तर १,८७५ रुपयांत मुद्दल सुटते. हा २६८ रुपयांचा फरक म्हणजेच पुष्कळदा नफा-तोट्याचा फरक असतो.

आता ही घट एका प्रकारची नसते, तीन प्रकारची असते, आणि येथेच आपली गल्लत होते. पहिली घट सुकण्याची, म्हणजे पाणी उडून वजन कमी होणे. दुसरी सडण्याची, जिचा जोर पावसाळ्यातील दमट हवेत वाढतो. तिसरी कोंब येण्याची, जी मुख्यतः सप्टेंबरनंतर हवा थंडावू लागली की दिसते. तिन्हींची कारणे वेगळी असल्यामुळे उपायही वेगळे आहेत.

कोंबावरचा उपाय पदार्थविज्ञानाने दिला. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली लासलगाव येथे 'कृषक' या नावाचे विकिरण केंद्र सुरू केले. ते मुळात बटाटा आणि कांदा यांच्यासाठीच आखले होते, म्हणून आरंभी त्याला 'पोटॉन' असे गमतीचे नाव होते. आत कोबाल्ट-६० हे किरणोत्सर्गी द्रव्य असते. त्यातून निघणारे गॅमा किरण कांद्याच्या आरपार जातात. कांद्याच्या गाभ्यात जो अंकुर झोपलेला असतो, त्याच्या पेशी पुढे विभागून वाढणार असतात. किरणांनी त्या पेशींतील वाढीची सूत्रे तुटतात आणि अंकुर पुढे वाढत नाही. बाकीचा कांदा होता तसाच राहतो.

'किरण मारलेला कांदा खाल्ला तर काय होईल?' ही शंका गिऱ्हाईक हमखास काढते. क्ष-किरणाने छातीचा फोटो काढल्यावर माणूस जसा किरणोत्सर्गी होत नाही, तसाच हा कांदाही होत नाही. कोबाल्टच्या किरणांत पदार्थाला किरणोत्सर्गी करण्याइतकी ताकद नसते, आणि कोबाल्ट बंद नळ्यांत असल्यामुळे कांद्याला त्याचा स्पर्शही होत नाही. कांद्याला साधारण ६० ग्रे एवढी मात्रा देतात. ग्रे म्हणजे एका किलोमागे एक ज्यूल ऊर्जा. ६० ज्यूलने एक किलो पाणी एका अंशाच्या सत्तराव्या भागाइतकेच तापेल. भारतात कांदा, बटाटा आणि मसाले यांच्या विकिरणाला १९९४ साली परवानगी मिळाली. अशा मालाच्या पाकिटावर तशी नोंद आणि हिरवे चिन्ह छापणे कायद्याने बंधनकारक आहे.

मग लासलगावात केंद्र असूनही तेथील बहुतेक कांदा त्याच्या दारावरून तसाच का निघून जातो? याचे उत्तर पदार्थविज्ञानात कमी आणि अर्थशास्त्रात जास्त आहे. किरण काढणीनंतर थोड्याच आठवड्यांत, अंकुर झोपेत असतानाच द्यावे लागतात. अंकुर आत वाढू लागल्यावर दिले तर तो मरतो खरा, पण गाभा तपकिरी पडतो आणि माल नापसंत होतो. म्हणजे सगळ्यांना केंद्र लागणार ते एकाच वेळी, एप्रिल ते जून. कांद्यासाठी केंद्राची क्षमता तासाला सुमारे १० टनांची. रोज २० तास चालवले तरी २०० टन, म्हणजे २,००० क्विंटल झाले. लासलगाव बाजारात हंगामात एका दिवसाची आवकच २० हजार क्विंटलच्या घरात जाते.

दुसरी गोष्ट कोबाल्टच्या स्वभावाची आहे. तो वापरा वा न वापरा, दरवर्षी सुमारे १२ टक्के झिजतो आणि सव्वापाच वर्षांत निम्मा होतो. भट्टी बंद केली की कोळसा वाचतो, येथे तसे नाही. त्यामुळे अशा केंद्राला बारा महिने माल लागतो, आणि कांदा तर दोन-अडीच महिन्यांचा पाहुणा. त्यात २००७ साली या केंद्राला अमेरिकेच्या कृषी खात्याची मान्यता मिळाली आणि येथून विकिरण केलेला आंबा अमेरिकेला जाऊ लागला. आंब्याला ४०० ग्रे मात्रा देतात, जेणेकरून कोयीतला भुंगा पुढे पैदास करू शकत नाही. आंब्याचा हंगामही नेमका एप्रिल ते जून! परदेशी जाणारा आंबा किलोमागे जो खर्च सोसतो तो कांदा सोसू शकत नाही. कांद्यासाठी बांधलेले केंद्र आंब्यासाठी नावारूपाला आले ते असे. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही.

आता सूक्ष्मजंतूंकडे वळू. ६० ग्रे मात्रेने कोंब थांबतो, सड थांबत नाही. बुरशी आणि जंतू मारण्यासाठी याच्या कितीतरी पट मात्रा लागते, आणि ती दिली तर कांदाच खराब होतो. आमच्या मते व्यापाऱ्याने सर्वांत आधी ध्यानात घेण्याची गोष्ट हीच आहे. ज्याचा माल मुख्यतः पावसाळ्यात सडून जातो, त्याला किरणांचा फायदा फार थोडा. कांद्याच्या सालीवर जी काळी भुकटी दिसते ती ॲस्परजिलस नायगर नावाची बुरशी होय. तिला उष्णता आणि दमटपणा मानवतो. मानेतून आणि जखमेतून आत शिरणारे जंतू कांदा मऊ करून टाकतात. यांना अडविण्याचा उपाय जुनाच आहे. काढल्यावर कांदा पातीसकट तीन-चार दिवस शेतात, पातीने झाकून सुकवावा. मग मानेला इंचभर देठ ठेवून पात कापावी, आणि दहा-बारा दिवस सावलीत वाळवावा. मान बंद झाली की जंतूंचे दार बंद झाले. खरेदी करताना भाव कमी दिसला म्हणून जाड मानेचा, ओला किंवा आपटलेला माल चाळीसाठी घेणे म्हणजे सड विकत घेणेच होय.

येथे सुतार, वेल्डर आणि बांबूकाम करणाऱ्या कारागीर बांधवांचाही संबंध येतो, कारण चाळ तेच बांधतात. राजगुरुनगरचे कांदा व लसूण संशोधन केंद्र १९९४ साली आपल्या नाशकातच सुरू झाले आणि १९९८ मध्ये तिकडे हलले. तेथील शास्त्रज्ञांचा भर खालून आणि बाजूने वारा खेळणाऱ्या चाळीवर आहे. तळ जमिनीपासून उंच, फळ्यांत फट, ढिगाची रुंदी चार फूट आणि उंची पाच फुटांपलीकडे नाही. जागा वाचविण्यासाठी ढीग सात-आठ फुटांवर नेला की खालचा कांदा दबतो आणि मधला घुसमटतो. वर उघडा पत्रा असेल तर तो तापतो. कौले किंवा सिमेंटचे पत्रे बरे. पिंपळगाव बसवंतच्या संशोधनातून आलेला एन-२-४-१ हा वाण टिकण्यासाठी नावाजलेला आहे, तेव्हा माल कोणत्या वाणाचा हे विचारूनच घ्यावा.

शीतगृहाचे काय? थंडीत सुकणे आणि सडणे दोन्ही आटोक्यात येतात, पण तेथला कांदा बाहेर उन्हात आणला की झपाट्याने कोंब फुटतात. म्हणून नुसते शीतगृह फसले. नुसते किरणही अपुरे पडतात. आधी किरण आणि मग थंडी, असे दोन्ही मिळून मात्र माल सहा-सात महिने टिकू शकतो. २०२३ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने भाभा केंद्राच्या मदतीने सरकारी साठ्यातील कांद्यावर असे प्रयोग हाती घेतले. विजेचा खर्च मोठा असल्याने लहान व्यापाऱ्याने एकट्याने या वाटेला जाऊ नये. दहा-वीस जणांनी मिळून गाळा घेतला तर विचार करण्यासारखे आहे.

सड लवकर कळण्याचा एक उपाय इलेक्ट्रॉनिक्सचा आहे. सडणारा कांदा विशिष्ट वायू सोडतो. कथिलाच्या ऑक्साइडसारख्या द्रव्याचा अतिसूक्ष्म कणांचा थर वायू लागताच आपला विजेचा रोध बदलतो, आणि त्यावरून मोबाइलवर इशारा देता येतो. नाशिकमधील तरुण अभियंत्यांनी अशी उपकरणे चाळीत लावून पाहिली आहेत. इशारा मिळाल्यावर ढीग उपसायला मजूर हाताशी हवेत, हे वेगळे सांगणे नको.

राहिला भाव. मोबाइल आला म्हणजे व्यापार सुधारला असे सरसकट म्हटले जाते. रॉबर्ट जेन्सन यांनी १९९७ ते २००१ या काळात केरळच्या मच्छीमारांचा अभ्यास केला. फोन येण्यापूर्वी रोज ५ ते ८ टक्के मासळी फुकट जात असे, ती जाणे थांबले आणि मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्के वाढला. पण महाराष्ट्रातील १०० गावांत शेतकऱ्यांना मोबाइलवर बाजारभाव पाठवून फाफशाँ आणि मिंटेन यांनी जो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध केला, त्यात मिळालेल्या भावात सरासरीने काहीही ठळक फरक आढळला नाही. समुद्रातली होडी फोन करून दुसऱ्या बंदराला जाऊ शकते. ठरलेल्या बाजारात, ठरलेल्या आडत्याकडे जाणारा ट्रॅक्टर तसा वळत नाही.

शिवाय चाळीतल्या मालाला एक चौथी घट असते, ती सरकारी हुकमाची. ऑगस्ट २०२३ मध्ये कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले, ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातच बंद झाली, ती मे २०२४ मध्ये शुल्कासह खुली झाली. शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये निम्मे झाले आणि १ एप्रिल २०२५ पासून उठले. कोणत्याही प्रयोगशाळेत यावर औषध नाही. म्हणून सगळा माल एकाच तारखेसाठी धरून ठेवू नये. निम्मा पावसाळ्याआधी काढावा आणि उत्तम वाळलेला, बारीक मानेचा तेवढाच पुढे न्यावा.

विकिरण करून घ्यायचेच असेल तर हंगामाच्या दोन महिने आधी केंद्रात चौकशी करून वेळ ठरवावी आणि जाण्या-येण्याची हमाली धरून दर काढावा. माल सुकवून, निवडून न्यावा. आणि किरण दिलेल्या पोत्यांवर खूण करून ती वेगळी ठेवावीत, कारण हा कांदा बियाण्यासाठी लावला तर उगवत नाही. डोंगळ्यासाठी कांदा मागायला आलेल्या शेतकऱ्याला चुकून त्यातले पोते गेले, तर त्याचे वर्ष बुडेल आणि आपली पत जाईल.